व्हेरिगेटेड चाफा दर पावसाळ्यात हिरवा का पडतो आणि त्यावर काय करायचं

व्हेरिगेटेड, म्हणजे पानांवर दोन रंगांची नक्षी असलेला चाफा मे महिन्यात देखणा असतो. नव्या पानांवर सायीच्या रंगाचे, पिवळसर, काही जातींत गुलाबी झाक असलेले पट्टे आणि शिंतोडे दिसतात. जूनमध्ये पाऊस लागतो. जुलैच्या मध्यावर आतून एक जाडजूड, हिरवीगार फांदी जोरात वर येते. गणपती येईपर्यंत ती सगळ्यांच्या डोक्यावर गेलेली असते आणि खालची पट्टेरी फांदी तिच्या सावलीत खुरटते. मग माळी ती हिरवी फांदी शेंड्याकडून दोन-तीन वीत छाटतो, बुंध्यात मूठभर खत पडतं आणि पुढच्या पावसाळ्यात एकाच्या जागी तीन हिरव्या फांद्या उभ्या राहतात.

मुंबईत व्हेरिगेटेड चाफा लावलेल्या बहुतेकांची हीच तक्रार असते. झाड महागाचं असतं, सहजासहजी मिळत नाही आणि चार-पाच वर्षांत साध्या चाफ्यासारखं दिसायला लागतं, म्हणून जीव हळहळतो. पण यात वाचवण्यासारखं खूप असतं. फक्त कात्री लावण्याआधी ती हिरवी फूट नेमकी कुठून निघाली आहे, हे खाली बसून बघायला हवं. पुढचं सगळं त्यावर ठरतं.

मी इथे खुरचाफ्याच्या, म्हणजे प्लुमेरिया रुब्राच्या आणि गोल टोकाच्या पानांच्या ऑब्टुसाच्या व्हेरिगेटेड जातींबद्दल लिहिते आहे. पुडिका या चाफ्याच्या आणखी एका प्रकाराची पिवळ्या कडांची जात आता पुष्कळ ठिकाणी मिळते. तिला हेच उपाय चालतात, पण ती झुडपासारखी वाढते, म्हणून तिच्यात गडबड लवकर लक्षात येते आणि लवकर निस्तरते. सोनचाफा हे निराळंच झाड. त्याला यातलं काही लागू नाही.

जोडाच्या खाली की वर?

हे चाफे बहुतेक वेळा कलम करून विकले जातात. खाली साध्या, काटक चाफ्याचा खुंट असतो आणि त्यावर व्हेरिगेटेड फांदी बांधलेली असते. जमिनीपासून साधारण वीतभर ते हातभर उंचीवर तो जोड सापडतो. तिथे खोडाला फुगवटा असतो, साल तिरकी जुळलेली दिसते, कधी सालीचा रंगच बदललेला असतो. जुन्या झाडात जोड मातीखाली गेलेला असू शकतो. बागेत दरवर्षी लाल मातीची भर टाकली जाते, तिच्यात तो गाडला जातो. हातानं माती बाजूला करून बघा.

जोडाच्या खालून आलेली फूट ही खुंटाची. तिच्यावर पट्टा कधीच येणार नाही, कितीही वाट बघा. ती कोवळी असतानाच, बोटभर लांबीची असताना, बाजूला ओढून मुळापासून उपटायची. कात्रीनं कापली की तळाशी डोळे, म्हणजे नवी फूट जिथून येते ते बारीक कोंब, शिल्लक राहतात आणि तिथून पुन्हा फुटतं. ओढून काढली की डोळ्यांसकट निघते. जाड झाली असेल तर धारदार सुरीनं खोडालगत तासून काढा.

जोडाच्या वरून आलेली हिरवी फूट ही मात्र व्हेरिगेटेड झाडाचीच असते आणि खरा प्रश्न तिथे आहे.

सालीवरचा पट्टा वाचायला शिका

चाफ्याच्या शेंड्याच्या टोकावर वाढणाऱ्या पेशींचे थर असतात, साधारण तीन. व्हेरिगेटेड झाडात एखाद्या थरातल्या किंवा एखाद्या बाजूच्या पेशी हरितद्रव्य बनवू शकत नाहीत आणि शेजारच्या पेशी बनवतात. दोन स्वभावाच्या पेशी एकाच फांदीत नांदतात, म्हणून पानावर नक्षी उमटते. वनस्पतिशास्त्रात अशा झाडाला कायमेरा म्हणतात. ही घडी कायमची बसलेली नसते. एखादा नवा डोळा नुसत्या हिरव्या पेशींतून तयार झाला की त्यातून येणारी फांदी पूर्ण हिरवी. तिच्या पानांचा सगळा पत्रा अन्न तयार करतो, तर पट्टेरी पानाचा अर्धाच. त्यामुळे हिरवी फांदी दुप्पट जोमानं वाढते आणि झाडाचा सगळा जोर आपल्याकडे ओढून घेते.

आता फांदीकडे जवळून बघा. कोवळ्या फांदीची साल अजून राखाडी झालेली नसते. पट्टेरी फांदीवर तुम्हाला उभ्या रेघा दिसतील. हिरव्यावर फिकट पिवळी, कधी गुलाबी रेघ, कुठे सुतासारखी बारीक, कुठे बोटाएवढी रुंद. गळून गेलेल्या प्रत्येक पानाची चंद्रकोरीसारखी खूण फांदीवर राहते आणि त्या खुणेच्या लगेच वर एक बारीक टिंब असतं. तो डोळा. फिकट रेघ त्या टिंबाखालून जात असेल तर त्यातून बहुधा पट्टेरी फूट येते. टिंब नुसत्या हिरव्या सालीवर असेल तर हिरवी, आणि पूर्ण पांढरट सालीवर असेल तर पांढरी. सकाळच्या उजेडात फांदी ओल्या फडक्यानं पुसून घेतली की रेघा स्पष्ट दिसतात. जुन्या, राखाडी पडलेल्या सालीवर नखानं अगदी हलका ओरखडा काढला तरी खालचा रंग कळतो, पण त्यातून चीक येतो, म्हणून एखाद्याच ठिकाणी.

हिरवी फांदी जिथून निघाली त्या जागेपासून खाली बोट फिरवत या. जिथे सालीवर फिकट रेघ पहिल्यांदा दिसते, तिथे थांबा. कापायचं त्या जागेवर, रेघेवरचा एखादा चांगला डोळा कापाच्या खाली राहील असं. वरचं सगळं, कितीही लांब झालेलं असलं तरी, काढायचं.

आमच्या सोसायटीच्या माळीकाकांचा याला विरोध होता. "ताई, वरून छाटू. खालून कापलं तर जखम मोठी होते, पावसात सडेल." सडण्याची त्यांची भीती रास्त आहे, त्याबद्दल पुढे लिहिते. पण हिरव्या फांदीचा नुसता शेंडा छाटला तर काय होतं ते त्यांनाच दाखवलं. चाफ्याचा शेंडा गेला की कापाच्या खालचे दोन-तीन डोळे एकदम फुटतात आणि हिरव्या फांदीवरचे सगळे डोळे हिरवेच. म्हणजे छाटणीनं आपण हिरवा भाग वाढवतो. ते निरखून बघत राहिले आणि म्हणाले, "मग रेघ दिसेल तिथवर जायला पाहिजे." तेव्हापासून कापायच्या जागी खुणेचा दोरा तेच बांधतात.

बऱ्याचदा कापाच्या खालची फांदी एका अंगानं हिरवी आणि दुसऱ्या अंगानं पट्टेरी असते. अशा वेळी कापून झाल्यावर काम संपत नाही. तीन-चार आठवड्यांत डोळे फुगायला लागतात. हिरव्या अंगावरचे डोळे ज्वारीच्या दाण्याएवढे झाले की अंगठ्यानं चोळून पाडायचे. पट्टेरी अंगावरचे ठेवायचे. दर दहा-पंधरा दिवसांनी ही एक फेरी मारली, तर पुढच्या पावसाळ्यात करवत लागत नाही. मला विचाराल तर सगळ्या उपायांत हाच सर्वांत मोलाचा आणि लोक हाच सोडून देतात.

पूर्ण पांढरी फूट आली तर? दिसायला ती सगळ्यांत सुंदर असते. पण तिला स्वतःचं अन्न बनवता येत नाही, बाकी झाडावर ती जगते. झाड दणकट असेल आणि फांदी सावलीच्या बाजूला असेल तर एखादी राहू द्या. उन्हात ती करपते आणि करपलेल्या टोकातून पावसात बुरशी आत शिरते. तशी असेल तर काढा.

आणि सगळ्याच फांद्या हिरव्या झाल्या असतील, जोडापर्यंत सालीवर एकही रेघ उरली नसेल, तर पट्टा परत आणणारं खत किंवा औषध नाही. तसं कोणी विकत असेल तर घेऊ नका.

पावसात कापायचं की थांबायचं?

मोठी छाटणी फेब्रुवारी-मार्चमध्ये. रुब्राची पानं हिवाळ्यात गळलेली असतात, साल उघडी दिसते आणि पावसाआधी जखम कोरडी व्हायला भरपूर वेळ मिळतो. ऑब्टुसाची पानं फारशी गळत नाहीत, पण महिने तेच. मुंबईत जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत 2,000 मिमीहून जास्त पाऊस पडतो. चाफ्याची फांदी मांसल, आत पाणी धरणारी. उघडा काप सतत ओला राहिला की कुजण आत उतरते.

पण जुलैत दिसलेली हिरवी फूट फेब्रुवारीपर्यंत ठेवणंही परवडत नाही. ती पेन्सिलीएवढी असेल तर पावसाची उघडीप बघून लगेच काढा, एवढीशी जखम झाड सहज भरून काढतं. मनगटाएवढी झाली असेल तर पावसाळ्यात तिचा शेंडा फक्त चिमटून तिचा वेग कमी करा, त्याखाली फुगणारे डोळे चोळून पाडत राहा, जिथे कापायचं तिथे रंगीत दोरा बांधून ठेवा आणि खरा काप फेब्रुवारीत घ्या. दोरा बांधायचं कारण साधं आहे. तोवर साल राखाडी होते आणि रेघ नीट दिसत नाही.

काप तिरका घ्या, पाणी साचू नये म्हणून. चीक ओघळेल तो पाण्यानं धुवा, थांबला की कॉपर ऑक्सिक्लोराइड या बुरशीनाशकाची घट्ट पेस्ट किंवा बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याची) लावा. हातमोजे घाला. चाफ्याचा चीक कातडीला झोंबतो, डोळ्यात गेला तर फार त्रास होतो. लहान मुलं जवळ असतील तर आधी त्यांना लांब पाठवा.

सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेताना निर्जंतुक करा आणि त्यासाठी नुसत्या स्पिरिटवर विसंबू नका. चाफ्याला मोझॅकचा विषाणू होतो. तो तंबाखूच्या मोझॅक विषाणूच्या कुळातला आहे, पात्याला लागलेल्या रसातून पसरतो आणि या कुळातले विषाणू चिवट असतात. घरगुती ब्लीचचा एक भाग आणि पाण्याचे नऊ भाग, त्यात पातं मिनिटभर बुडवायचं, धुवायचं, पुसायचं, तेलाचं बोट फिरवायचं. ब्लीचनं लोखंड गंजतं म्हणून तेल.

जाड फांदी असेल तर आणखी एक गोष्ट. सोसायटीच्या आवारातल्या झाडाच्या मोठ्या छाटणीलाही महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घ्यावी लागते. फेब्रुवारीत कापायचं असेल तर अर्ज हिवाळ्यातच करा.

पावसाळ्यातच का?

कारण या दिवसांत चाफा सर्वांत जोरात वाढतो. पाणी मुबलक, हवा दमट, ऊब असते. जो डोळा हिरवा आहे त्याला हा सगळा हंगाम मोकळा मिळतो. शिवाय ढगाळ हवेत उजेड कमी, आणि कमी उजेडात भरपूर हरितद्रव्य असलेल्या फांदीचा पट्टेरी फांदीपुढे आणखी फायदा होतो. काही जातींत पिवळसर भागही या दिवसांत हिरवट दिसतो. तो प्रकार वेगळा, ऑक्टोबरचं ऊन पडलं की उजळतो. त्यामुळे पान नुसतं फिकं हिरवट झालं म्हणून कात्री उचलू नका. नक्षीच्या कडा दिसत असतील तर फांदी ठीक आहे.

यात आपण भर घालतो ती नत्राची. सोसायटीच्या लॉनला पावसाच्या तोंडावर युरिया टाकला जातो आणि चाफा त्याच लॉनच्या कडेला असतो. युरिया पाण्याबरोबर झाडाच्या मुळाशी जातो. नत्रामुळे पेशी हिरव्या होत नाहीत, हे खरं, पण आधीच हिरव्या असलेल्या फांदीला तो पळवतो. झाडाभोवती किमान दीड-दोन हात जागा लॉनपासून मोकळी ठेवा. मार्चअखेरीस घमेलंभर चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि मूठभर निंबोळी पेंड पुरते. जूननंतर नत्राचं काहीही नाही.

दुसरं, पावसाआधीची सरसकट छाटणी. एप्रिल-मेमध्ये आवारातली झाडं उतरवायला छाटणीवाले येतात आणि वाटेत आलेला चाफाही एका उंचीवर कापून जातात. सगळे शेंडे एकदम गेले की झोपलेले डोळे एकदम जागे होतात आणि त्या शर्यतीत हिरवे पुढे जातात. छाटणीच्या दिवशी झाडाला जाड फडकं बांधून वर कागद लावा, "या झाडाला हात लावू नये". शक्य असेल तर स्वतः उभे राहा.

तिसरं म्हणजे जागा. दोन इमारतींच्या मधल्या अंधाऱ्या पट्टीत हे झाड लावू नका. त्याला सकाळचं चार-पाच तासांचं ऊन आणि दुपारनंतर सावली हवी. पश्चिमेचं ऊन, त्यातून समोर काचेची इमारत असेल तर तिच्यावरून परतणारं ऊन, पांढऱ्या भागाला भाजून काढतं.

हिरवं पडणं नव्हे, अशा इतर तक्रारी

कडा करपणं. करपलेले डाग फक्त पांढऱ्या भागावर असतील, तेही उन्हाच्या बाजूच्या पानांवर, तर ते उन्हानं. हिरव्या भागाचीही टोकं जळत असतील, झाडभर, तर क्षारांची शंका घ्या. बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणी बघा. वर्सोवा, वरळी, कुलाबा अशा किनाऱ्यालगतच्या भागात नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर खारट तुषार येतात आणि समुद्राकडच्या अंगाची पानं आधी जळतात. तिथे झाडाला भिंतीचा किंवा दाट कुंपणाचा आडोसा द्या आणि उघडीप मिळाली की पानं गोड्या पाण्यानं धुवा.

पिवळी पानं. मुंबईतल्या कित्येक सोसायट्यांच्या बागा बांधकामाच्या राबिटावर दोन फूट माती पसरून केलेल्या असतात. सिमेंट-चुन्यानं जमीन अल्कधर्मी होते आणि झाडाला लोह मिळत नाही. मग कोवळी पानं शिरांमध्ये पिवळी पडतात, शिरा हिरव्या राहतात. लोक याला नवी नक्षी समजतात. ओळख अशी की लोहाच्या कमतरतेत सगळी नवी पानं सारखी दिसतात आणि पानाच्या दोन्ही अर्ध्यांवर पिवळेपणा सारखा असतो. व्हेरिगेशन प्रत्येक पानावर वेगळं असतं आणि रंगाची हद्द ठळक असते. उपाय म्हणून चिलेटेड लोह, म्हणजे झाडाला घेता येईल अशा रूपातलं लोह, द्या, अल्कधर्मी जमिनीत त्यातलं ईडीडीएचए प्रकारचं टिकतं, आणि खड्डा करून राबीट काढता आलं तर काढाच.

मोझॅक विषाणू. पानावर धूसर, कडा नसलेले फिकट-गडद ठिपके, वलयं, शिरांलगत काळपट तांबूस झाक आणि पान आकसलेलं असेल तर झाड वेगळं ठेवा आणि त्याची काडी कोणालाही देऊ नका. यावर औषध नाही.

तांबेरा तर सगळ्या चाफ्यांना होतो. पावसाळ्याच्या उत्तरार्धात पानामागे नारिंगी भुकटी दिसते, वरून पिवळे ठिपके दिसतात, पान गळतं. गळलेली पानं रोज उचलून टाका, पाण्यात विरघळणारं गंधक पानामागे फवारा, झाडात हवा खेळू द्या. पिठ्या ढेकणासाठी निंबोळी तेल साबणाच्या पाण्यातून, संध्याकाळीच. दुपारी फवारलंत तर पांढरे पट्टे जळतील.

खोड दाबून बघा, अधूनमधून, पावसाळाभर. मऊ लागलं, दाबल्यावर पाणी आलं, तर कुजण सुरू झाली. आतला भाग स्वच्छ पांढरा लागेपर्यंत, मध्ये तपकिरी ठिपकाही न राहता, कापत जायचं आणि पेस्ट लावायची. झाड सखल जागी असेल तर पुढच्या उन्हाळ्यात फूटभर उंच वरंबा करून त्यावर हलवा.

नवं कलम घेताना

भायखळ्याला राणीच्या बागेत पालिकेचं झाडा-फुलांचं प्रदर्शन भरतं तिथे, किंवा कुठल्याही रोपवाटिकेत, हे झाड पानं बघून घेतलं जातं. पानं सोडा, खोड फिरवून मागून बघा. जोडाच्या वर, चारी अंगांनी, फिकट रेघा असलेलं कलम घ्या. एका अंगाला सुंदर पट्टा आणि दुसरं अंग नुसतं हिरवं असेल तर घरी आल्यावर त्या हिरव्या अंगाचे डोळे तुम्हाला जन्मभर चोळत बसावे लागतील. जोडाखाली आधीच फूट असेल तर ती तिथेच विक्रेत्याकडून काढून घ्या.

घरच्या झाडाची काडी लावायची असेल तरी हाच नियम. फेब्रुवारी-मार्चमध्ये, चारी बाजूंनी रेघ असलेली, हातभर लांबीची काडी घ्यायची. आठवडाभर सावलीत उभी ठेवून काप कोरडा होऊ द्यायचा, मग वाळू आणि कोकोपीटच्या मिश्रणात रोवायची. मुळं फुटेपर्यंत माती जेमतेम ओलसर ठेवायची. पांढऱ्याचा अंश फार असलेली काडी स्वतःच्या मुळांवर हळू धरते आणि पुष्कळदा कुजते, तिचं साध्या खुरचाफ्यावर पाचर कलम (टोक पाचरीसारखं तासून खुंटाच्या खाचेत बसवणं) केलेलं बरं.

जोडाच्या वरून छाटून काढलेल्या हिरव्या फांद्याही लागतात, मुळं चटकन धरतात आणि फुलं त्याच रंगाची देतात. फक्त देताना समोरच्याला सांगा की पानं साधी येतील.